चिगाँग : चिनी श्वसन-व्यायामांची तोंडओळख

निळीशाई (धागाकर्ती)

प्राणायामाच्या धाग्यावर दोघातिघांनी चिगाँगबद्दल विचारलं होतं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. नोकरीनिमित्त काही वर्षं शांघायला होते, तेव्हा फूशिंग पार्कातल्या सकाळच्या एका गटात हे शिकले आणि अजून करते. मी कोणाची गुरू नाही. लिहिताना शिकवणीचा सूर लागला तर खुशाल टोका.

आधी एक गोष्ट साफ करते. चिगाँग हे कुठल्या एका व्यायामाचं नाव नाही. हालचाल, श्वास आणि लक्ष या तिन्हींची सांगड घालणाऱ्या असंख्य पद्धतींना मिळून ते नाव आहे. काही प्रकार उभ्याने करायचे, काही बसून, काही पडून, काही चालत. एकात तर झाडाला कवेत घेतल्यासारखे हात गोल धरून नुसतं उभं राहायचं असतं. त्याला झानझुआंग म्हणतात. दिसायला सगळ्यात सोपा तोच आणि मांड्या थरथरवणाराही तोच. 'ची' म्हणजे आपल्या प्राणाच्या जवळपासचं काहीतरी, असं तूर्त धरून चालू. त्यावरून भांडायचंच असेल तर प्रतिसाद मोकळे आहेत.

याचा इतिहास दोन तुकड्यांत बघावा लागतो. एक फार जुना, दुसरा अगदी कालपरवाचा. मधल्या काळाबद्दल जे 'पाच हजार वर्षांची अखंड परंपरा' वगैरे छापलं जातं, ते वाचताना चहा शांतपणे पीत राहावा.

हूनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगदुई नावाची जागा आहे. इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेलं एक थडगं तिथे १९७३-७४ साली उघडलं. आत रेशमावर रंगवलेला एक तक्ता सापडला. त्यात ४४ माणसं ४४ वेगवेगळ्या स्थितींत आहेत. बाया आहेत, बाप्ये आहेत, तरुण आहेत, म्हातारे आहेत. कोणी झग्यात, कोणी उघड्या अंगाने. काही चित्रांशेजारी प्राण्यांची नावं लिहिलेली आहेत आणि काहींशेजारी चक्क दुखण्यांची. त्यात गुडघेदुखीही आहे! बावीसशे वर्षांपूर्वी कोणीतरी गुडघे धरून बसलं होतं आणि दुसरं कोणीतरी त्याला 'असं वाक, असं ताण' म्हणून सांगत होतं, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

च्वांगत्सू या प्राचीन चिनी तत्त्ववेत्त्याच्या नावावर असलेल्या ग्रंथात तर या मंडळींची टिंगलही आहे. जुना श्वास टाकतात, नवा घेतात, अस्वलासारखे लटकतात, पक्ष्यासारखे ताणतात, आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर जास्त जगायला मिळावं म्हणून! पुढे दुसऱ्या शतकात हुआ तुओ नावाचा वैद्य झाला. वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी अशा पाच प्राण्यांच्या हालचाली त्याने एका संचात बांधल्या. दाराची बिजागरी हलती राहते म्हणून कुजत नाही, अशा अर्थाचं त्याचं वचन इतिहासात नोंदलेलं आहे. त्याचा शिष्य नव्वदी ओलांडूनही दात-कान-डोळे शाबूत ठेवून होता म्हणतात. खुद्द हुआ तुओला मात्र सेनापती त्साओ त्साओने मारून टाकलं, त्यावर कुठला व्यायाम चालणार.

आता नवा तुकडा. हा मला जास्त रंजक वाटतो.

१९४० च्या दशकात हपेई प्रांतात लिउ ग्वेझेन नावाचा एक तरुण कम्युनिस्ट कार्यकर्ता पोटातल्या अल्सरने बेजार झाला होता. त्याने एका जुन्या पठडीतल्या शिक्षकाकडून श्वसनक्रिया शिकून घेतली आणि तो बरा झाला. देशात डॉक्टर कमी, औषधं कमी, पैसा नाही. पक्षातल्या वरिष्ठांना ही बिनपैशाची चिकित्सा आवडली. पण ती होती धर्माच्या वेष्टणातली. मग वेष्टण काढलं. मनात म्हणायच्या गूढ ओळी गेल्या आणि त्यांच्या जागी 'मी तब्येतीसाठी शांत बसतो' अशा छापाची सरळसोट वाक्यं आली. या सगळ्या प्रकारांना मिळून 'चिगाँग' हे नाव १९४९ मध्ये ठरवलं गेलं. म्हणजे वस्तू पुरातन, पण पाटी कम्युनिस्ट काळातली. पुढे थांगशानला आणि समुद्रकाठच्या पेइताइहला चिगाँगची आरोग्यधामं निघाली. १९५७ मध्ये लिउचं पुस्तक आलं. आणि सांस्कृतिक क्रांतीत याच माणसावर बालंट येऊन त्याची रवानगी शेतावर मजुरीला झाली.

माओ गेल्यावर झाकण उडालं. ८० च्या दशकात चीनमध्ये चिगाँगची अक्षरशः लाट आली. कोट्यवधी लोक पहाटे बागांमध्ये. स्टेडियममध्ये 'ऊर्जायुक्त' व्याख्यानं, ऐकता ऐकता लोक रडताहेत, लोळताहेत. यान शिन नावाच्या गुरूने १९८७ मधला ईशान्य चीनचा भीषण वणवा आपण दुरून शक्ती पाठवून विझवायला मदत केली असा दावा केला. चिनी क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे जनक छ्यान श्वेसन यांच्यासारखा शास्त्रज्ञ या सगळ्याच्या पाठीशी उभा होता आणि भौतिकशास्त्रज्ञ ह झ्वोश्यू कडाडून विरोधात. विश्वातली माहिती खेचून घ्यायला डोक्यावर भांडी घालून बसलेल्या माणसांचे फोटो तुम्ही पाहिले असतील तर ते याच लाटेतले आहेत.

या लाटेतूनच १९९२ मध्ये ली होंगझी यांचा फालुन गाँग पंथ निघाला. २५ एप्रिल १९९९ रोजी त्याचे सुमारे दहा हजार अनुयायी बीजिंगमध्ये सत्ताधाऱ्यांच्या निवासी संकुलाबाहेर मूकपणे जमले. त्याच जुलैमध्ये पंथावर बंदी आली आणि अत्यंत क्रूर दडपशाही झाली. बाकीचे चिगाँग गटही त्या वावटळीत पांगले. मग सरकारच्या क्रीडा खात्याने जुन्या पद्धतींतून चार संच निवडले, घासूनपुसून प्रमाण केले आणि २००३ मध्ये जाहीर केले: बादुआनजिन, पाच प्राण्यांचा वूछिनशी, सहा ध्वनींचा लिउजिज्वे आणि स्नायूंचा यीजिनजिंग. आज बागेत जे दिसतं ते बहुतांशी हेच.

नवशिक्याने यातला बादुआनजिन घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नाव सोंग काळातल्या, बाराव्या शतकातल्या लिखाणात सापडतं. आठ हालचाली. साधारण १२ मिनिटांत संच पुरा होतो. चटई लागत नाही, वीतभर जागा पुरते, साडीवर करता येतो.

पहिलीत दोन्ही हातांची बोटं गुंफून तळवे आकाशाकडे नेत वर रेटायचं. दुसरीत घोड्यावर बसल्यासारखं बसून डावीकडे-उजवीकडे धनुष्य ओढायचं. ही करताना माझ्यासारख्या पोक काढून संगणकासमोर बसणाऱ्या बाईच्या छातीत कायकाय मोकळं होतं ते शब्दांत सांगता येत नाही. तिसरीत एक हात आकाशाला, एक जमिनीला. चौथीत मान वळवून मागे बघायचं, आणि इथे बहुतेकजण खांदे फिरवून फसवतात. पाचवी म्हणजे खाली बसून डोकं आणि माकडहाड विरुद्ध दिशांना गोल झुलवणं. ही सगळ्यात कठीण, वर्षभर नाही जमली तरी चालेल. सहावीत हात पाठीवरून, पायांच्या मागच्या बाजूने सरकवत खाली पावलांपर्यंत. सातवीत मुठी आवळून डोळे वटारायचे (पार्कातल्या आज्या इथे मनसोक्त वटारायच्या, कोणाला ते विचारू नये). आठवीत टाचा उचलून हलकेच सोडायच्या, सात वेळा. बाकीच्या हालचाली सहा-सहा वेळा.

श्वासाचं काय? सुरुवातीला काहीही नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडे 'श्वसनाचा व्यायाम' म्हटलं की पहिल्या मिनिटापासून माणूस नाकाशी झटापट करतो. आधी हालचाल अंगवळणी पडू द्यायची. मग हळूहळू हात वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर असं आपोआप जुळतं. नंतर पोटाने श्वास. लक्ष बेंबीच्या जरा खाली, ज्याला ते दानतियान म्हणतात. गुडघे सैल, जीभ टाळूला, खांदे पडू द्यायचे. इतकंच.

---

तळ्यातमळ्यात

वा! वाचनखूण साठवली. डोळे वटारणारी सातवी हालचाल आमच्या मातोश्री कित्येक वर्षं संच न शिकताच करताहेत.

प्रश्न: ताई ची आणि हे एकच का?

---

निळीशाई

@तळ्यातमळ्यात, :)

नाही, पण शेजारी आहेत. ताई ची मूळची युद्धकला. तिचं घराणं हेनान प्रांतातल्या चेन कुळाच्या गावापर्यंत, सतराव्या शतकापर्यंत मागे जातं. बागेत दिसणारा २४ हालचालींचा सोपा संच १९५६ मध्ये सरकारने बसवला. २०२० मध्ये ताई ची युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. ताई चीत एक लांबलचक मालिका पाठ करावी लागते, चुकलं की सगळं अडतं. चिगाँगमध्ये एकच हालचाल पुन्हा पुन्हा करायची, म्हणून म्हाताऱ्या माणसांना आणि आळशांना सोपं.

---

पेठेतला_पांथस्थ

लेख आवडला, विशेषतः पाटीची गोष्ट. पण मुख्य प्रश्न टाळलात. ची नावाची ऊर्जा आहे की नाही? असेल तर ज्यूलमध्ये किती? नसेल तर नसलेल्या वस्तूचा व्यायाम का करायचा?

---

निळीशाई

मोजायचे प्रयत्न झालेत. १९७८ मध्ये शांघायच्या अणुसंशोधन संस्थेतल्या कू हानसेन यांनी चिगाँग गुरूच्या हातातून निघणारे अवरक्त किरण उपकरणावर टिपल्याचं जाहीर केलं. ८० च्या लाटेला खरं इंधन तिथून मिळालं. अडचण अशी की कोमट हात कोणाचाही असो, अवरक्त किरण सोडतोच. माझा सोडतो, तुमचा सोडतो, आमटीचं पातेलंही सोडतं.

माझ्यापुरतं उत्तर: करताना तळहातांत ऊब आणि मुंग्या जाणवतात, ते खरं आहे. त्याला माझ्या गटातल्या आज्या ची म्हणायच्या, मी रक्ताभिसरण म्हणते. दोघींच्या हाताची उंची तीच असते. ची मानल्याशिवाय हालचाल करता येते, आणि हेच तर लिउ ग्वेझेनने दाखवून दिलं होतं. ज्या दिवशी कोणी तुम्हाला दुरून ची पाठवतो म्हणेल आणि त्याचे पैसे मागेल, त्या दिवशी चपला घाला आणि निघा.

---

सह्यवेडा

माफ करा, पण मूळ मुद्दा राहिलाच. हे सगळं आपलंच आहे. कांचीपुरमचा राजपुत्र बोधिधर्म शाओलिनला गेला, त्याने तिथल्या मरतुकड्या भिक्षूंना योग शिकवला, त्यातून यीजिनजिंग झालं, त्यातून कुंग फू. चिनी लोकांनी नाव बदललं, आपण झोपलो. प्राणाचा ची झाला, नाडीची मेरिडियन झाली. आता आपण तेच त्यांच्याकडून शिकायचं?

---

तळ्यातमळ्यात

आला! पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

निळीशाई

@सह्यवेडा, राग मानू नका, पण तारखा जुळत नाहीत. बोधिधर्म पाचव्या-सहाव्या शतकातला. मावांगदुईचा रेशमी तक्ता त्याच्या सहाशे वर्षं आधी जमिनीत पुरला गेला होता. हुआ तुओही आधीचा.

यीजिनजिंगचं म्हणाल तर तो ग्रंथ बोधिधर्माच्या नावावर आहे खरा, पण त्याची रचना १६२४ च्या सुमाराची धरतात. प्रस्तावना त्याहून कितीतरी जुन्या काळातली म्हणून मिरवते, पण ती बनावट आहे. हे कोणा भारतद्वेष्ट्याने नव्हे, थांग हाव आणि श्यू झेन या चिनी अभ्यासकांनीच विसाव्या शतकात उघडं पाडलं. बोधिधर्माचा सगळ्यात जुना उल्लेख इ.स. ५४७ मधला आहे, आणि त्यात तर त्याला इराणकडचा म्हटलंय! दक्षिण भारतीय म्हणणारी नोंदही जुनीच आहे, त्यामुळे ते दार मी बंद करत नाही. पण व्यायाम त्याने शिकवल्याचं त्या काळातल्या कुठल्याच नोंदीत नाही.

आता तुमच्या बाजूचा पुरावा मीच देते. सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ या थोर वैद्याच्या ग्रंथात १८ हालचालींचा एक संच आहे. त्याचं शीर्षकच 'भारतीय मर्दनविधी', आणि खाली टीप की ही ब्राह्मणांची पद्धत आहे. हात चोळणे, धनुष्य ओढल्यासारखं करणे, मागे वळून बघणे असलं त्यात आहे. म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या येण्याजाण्यातून देवाणघेवाण नक्की झाली, किमान चिन्यांना ती झाली असं वाटत होतं. बोधिधर्माची दंतकथा धरून बसण्यापेक्षा हा धागा धरून कोणी संस्कृत-चिनी जाणणाऱ्याने शोध घेतला तर मी पहिली वाचक.

---

सह्यवेडा

सुन सिमियाओचं माहीत नव्हतं. शोधतो. बाकी मुद्द्यांवर सहमत नाही, पण तारखांशी भांडता येत नाही.

---

कुंभकर्णाची_बहीण

मी योगशिक्षिका आहे, चिगाँगचं एक शिबिर केलंय, त्यामुळे फरक सांगू शकते.

प्राणायामात आपण बसतो, पाठ ताठ, डोळे मिटलेले, आणि श्वासावर थेट काम करतो. नाकपुडी बंद करणं, कुंभक, मात्रा मोजणं. चिगाँगच्या या सोप्या संचांत श्वास रोखणं जवळजवळ नाही. श्वासाला हालचालीच्या मागून चालू देतात. डोळे अर्धवट उघडे. आणि वजन पायांवर! आम्ही योगवाले उभं राहायला विसरलो आहोत असं तिथे पहिल्यांदा वाटलं. ताडासनाला आम्ही 'सोपं' म्हणून अर्ध्या मिनिटात निकालात काढतो. तिथे मला गुडघे किंचित वाकवून नुसतं उभं केलं आणि घाम फुटला.

निळीशाई यांनी लिउ ग्वेझेनचं लिहिलंय ते वाचताना मला स्वामी कुवलयानंद आठवले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, योगक्रिया करणाऱ्यांच्या पोटाचे क्ष-किरण फोटो काढले, 'योगमीमांसा' हे संशोधनपर नियतकालिक चालवलं. गूढाचं वेष्टण काढून प्रयोगशाळेत आणायची धडपड इथे चीनच्याही आधी झाली. आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराला शाळाशाळांत नेलं तेही त्याच सुमाराचं. @सह्यवेडा, अभिमान बाळगायचाच तर याचा बाळगा, हा कागदोपत्री आहे.

---

सह्यवेडा

@कुंभकर्णाची_बहीण, तोही बाळगतोच.

---

डॉक्टरीणबाई

थोडं वैद्यकीय. श्वास संथ केला, मिनिटाला सहाच्या आसपास आणला की हृदयाची गती आणि रक्तदाब यांच्यातला ताळमेळ सुधारतो. २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक गमतीशीर अभ्यास आला होता. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' या दोन्हींनी लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला साधारण सहावर येत होता. म्हणजे धर्म कुठलाही असो, फुप्फुसाचं गणित एकच.

चिगाँगवरचे अभ्यास बरेच आहेत, पण अनेक लहान आणि ढिसाळ. ताई चीवरचे जास्त भक्कम. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास आला. २४ आठवड्यांनंतर ताई ची करणाऱ्यांचा तोल निव्वळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा स्पष्ट चांगला होता आणि ते पडतही कमी होते. वयस्कांसाठी 'न पडणं' ही केवढी मोठी गोष्ट आहे ते खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाच्या घरच्यांना विचारा.

सावधगिरी: चक्कर येण्याचा त्रास असेल तर पाचवी हालचाल सोडा. काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर सहावीत डोकं पूर्ण खाली नेऊ नका. हाडं ठिसूळ झाली असतील किंवा मणक्याचा त्रास असेल तर आठवीत टाचा आपटू नका, हलकेच टेकवा. आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत. हे वाक्य मी दर आठवड्याला कोणाला ना कोणाला सांगते, इथेही सांगून ठेवते.

---

टोरांटोची_मावशी

मी कर्करोगाच्या उपचारांनंतर इथल्या एका गटात जाते. तिथे चालत करायचा प्रकार शिकवतात. दोन पावलं टाकताना नाकाने दोन छोटे श्वास आत, मग एक बाहेर, शी-शी-हू असा आवाज होतो. हात कमरेपाशी झुलते. हा प्रकार ग्वो लिन नावाच्या चित्रकार बाईंनी बसवला असं आमच्या शिक्षिकेने सांगितलं. निळीशाई, अजून काही माहीत आहे का?

---

निळीशाई

मावशी, तुम्ही करता हे वाचून फार छान वाटलं. ग्वो लिन निसर्गचित्रं काढायच्या. त्यांना गर्भाशयाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाल्या, तो पुन्हा उलटला. मग घरातून आलेलं ज्ञान आणि जुनी पुस्तकं चाळून त्यांनी स्वतःसाठी हा प्रकार बसवला, आणि ७० च्या दशकात, म्हणजे चिगाँग हा शब्द उच्चारणंही धोक्याचं होतं तेव्हा, बीजिंगच्या बागांमध्ये लोकांना उघड्यावर शिकवायला लागल्या. पोलिसांचा त्रास सोसला. १९८४ मध्ये गेल्या. त्यांच्याआधी चिगाँग आरोग्यधामात किंवा गुरूच्या खोलीत शिकायचं असे. दहा-वीस अनोळखी लोकांनी मिळून बागेत करायची पद्धत रुळली त्यांच्यामुळे. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जवळची वाटते ती हीच बाई.

---

डॉक्टरीणबाई

@टोरांटोची_मावशी, चालू ठेवा. उपचारांनंतरचा थकवा, झोप, मनाची उभारी यांसाठी याचा उपयोग होतो असं दिसतं. कर्करोग याने बरा होतो असं कोणी म्हणालं तर मात्र कान बंद. तपासण्यांच्या तारखा चुकवू नका.

---

मनकवडा

दुसरी बाजूही यायला हवी. मानसोपचाराशी संबंधित आहे म्हणून लिहितो. १९९४ च्या अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात, म्हणजे डीएसएमच्या चौथ्या आवृत्तीत, संस्कृतीशी निगडित विकारांच्या यादीत चिगाँगमुळे उद्भवणाऱ्या तात्पुरत्या मनोविकाराची नोंद आहे. चिनी भाषेतही त्यासाठी जुना वाक्प्रचार आहे, 'आग भलतीकडे गेली, राक्षस आत शिरला' अशा अर्थाचा. ८० च्या लाटेत तासन्‌तास बसून शरीरात ऊर्जा फिरवण्याच्या नादी लागलेले लोक रुग्णालयात पोचत होते.

बारा मिनिटं हात वरखाली करून काही होत नाही, घाबरू नका. पण आधी कधी भ्रम, तीव्र नैराश्य वा उन्माद झालेला असेल तर पाठीच्या कण्यातून ऊर्जा चढवणे-उतरवणे, दिवसभराची मौन शिबिरं, झोप तोडून साधना यांपासून लांब राहा. हे कुंडलिनीवाल्यांनाही लागू.

---

कुंभकर्णाची_बहीण

+१. शंभर वेळा +१.

---

भुईमूग

अवांतर: हपेई म्हटल्यावर आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण आली. १९४२ मध्ये ते त्याच प्रांतात वारले. त्यांच्या काळातली तिथली औषधांची टंचाई वाचली की पक्षाला बिनपैशाची चिकित्सा का हवी होती ते लगेच कळतं.

---

निळीशाई

अजिबात अवांतर नाही. शांघायला मी भारतीय आहे म्हटल्यावर एका आजोबांनी पहिलं नाव तेच घेतलं होतं, 'क दिहुआ'. मला उमगायला जरा वेळ लागला.

---

निवृत्त_हेडमास्तर

लेख व चर्चा दोन्ही उत्तम. वय अडुसष्ट. गुडघे कुरकुरतात, मांडी घालून बसता येत नाही म्हणून योगवर्ग सोडावा लागला. सकाळी फिरायला जातो. हे कुठून सुरू करू? आमच्या गावात शिकवणारे कोणी असण्याची शक्यता शून्य.

---

निळीशाई

काका, तुमच्यासाठी तर हे फारच सोयीचं. मांडी घालायचीच नाही.

पहिला महिना फक्त पहिली, तिसरी आणि चौथी हालचाल करा. तिन्ही ताठ उभ्याने होतात. तोल जातोय वाटलं तर शेजारी खुर्ची ठेवा, किंवा सरळ खुर्चीवर बसून करा. बसून करायचा बादुआनजिन चिनी परंपरेतच आहे, तडजोड नव्हे. मग दुसरी घ्या, पण घोड्यावर बसल्यासारखं वाकायचं नाही, पाय फाकवून उभं राहिलात तरी धनुष्य ओढता येतं. गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही आणि दुखलं की तिथेच थांबायचं. पाचवी विसरून जा. २००३ च्या प्रमाण संचाचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, मुलांकडून शोधून घ्या. ज्यात गुरू हवेत उडतोय किंवा शिष्यांना न शिवता पाडतोय तो व्हिडिओ आपला नव्हे.

वेळ कोणतीही चालते, फक्त जेवणानंतर लगेच नको.

---

निवृत्त_हेडमास्तर

आभार. उद्यापासून. आणखी एक: तुम्ही सहा ध्वनींचा उल्लेख केलात, त्यावर काहीच लिहिलं नाही. शाळेत आयुष्यभर ओरडून घसा गेलाय, म्हणून विचारतो.

---

निळीशाई

काका, लिउजिज्वे. त्याची जुनी नोंद ताओ होंगजिंग या पाचव्या-सहाव्या शतकातल्या ताओपंथी वैद्याच्या नावावर आहे. श्वास सोडताना तोंडाचा एक ठरावीक आकार करायचा: शू, हं, हू, स्स, छ्वे, शी. परंपरा म्हणते शू यकृताला, हं हृदयाला, हू प्लीहेला, स्स फुप्फुसाला, छ्वे मूत्रपिंडाला, आणि शी 'त्रिदाह' नावाच्या एका अवयवाला, जो शरीर उघडल्यावर कोणालाच सापडत नाही. मी त्याकडे उच्छ्वास लांबवायची युक्ती म्हणून बघते. ओठ आवळून फुंकर घातल्यासारखा श्वास सोडला की तो आपोआप सावकाश जातो.

घशाला ताण नाही, कारण जुन्या पद्धतीत आवाज काढायचाच नसतो, नुसता हवेचा आकार. शिकताना मात्र हलका आवाज काढतात, म्हणजे तोंडाचा आकार बरोबर आहे का ते कळतं.

---

तळ्यातमळ्यात

हेडमास्तर, शू आणि स्स ऐकून वर्ग अजून गप्प बसतो का ते कळवा.

---

निवृत्त_हेडमास्तर

वर्ग बसायचा. नातवंडं बसत नाहीत.